न दिसणारी गुठळी

रक्त गोठते म्हणजे काय होते, हे आधी सांगतो. त्यावाचून पुढचे कळणार नाही.

जखम झाली की रक्तातले एक प्रथिन जागे होते. ते दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला. अशी प्रथिनांची एक रांगच आहे. रांगेच्या शेवटी फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन उभे असते. एरवी ते पाण्यात साखर विरघळावी तसे रक्तात विरघळलेले असते. त्याच्या रेणूंची टोके छाटली गेली की ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे धागे होतात आणि धाग्यांचे जाळे होते. त्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात. हीच गुठळी. मग ‘तेरावा घटक’ या नावाने ओळखले जाणारे आणखी एक प्रथिन येते आणि जाळ्याचे सांधे पक्के करते. जखम भरली की शरीर स्वतःच ते जाळे विरघळवून टाकते.

हे सारे योग्य जागी, योग्य वेळी आणि हवे तेवढेच व्हावे लागते. बोटाच्या जखमेवर झाले तर माणूस वाचतो. हृदयाच्या धमनीत झाले तर मरतो. प्रथिने तीच, कृती तीच.

नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात रक्त गोठण्याच्या तपासण्यांचा विभाग माझ्याकडे होता. मी पॅथॉलॉजिस्ट. रुग्णाशी माझा संबंध निळ्या टोपणाच्या काचनळीपुरता. त्या नळीत गोठणे थोपवणारे द्रव्य आधीच मोजून घातलेले असते, म्हणून रक्तही नेमक्या रेघेपर्यंतच भरावे लागते. थोडे कमी भरले तरी मी नळी परत पाठवीत असे. विभागात मला यावरून बरीच नावे होती. त्यांतली काही मला माहीत आहेत.

लोकांना वाटते, रक्त म्हणजे रक्त. घणसोली गावातल्या एका संकलन केंद्राने एकदा सगळ्या नळ्या बर्फात पुरून पाठवल्या होत्या. आणणारा माणूस अभिमानाने म्हणाला, “साहेब, एकदम ताजं ठेवलंय.” मासळी आणि रक्त यांत फरक आहे, हे त्याला सांगितले. थंडीने या तपासणीतली प्रथिने भलतीच चाळवतात आणि निकाल खोटा येतो. दुसरे उदाहरण एका निवृत्त मुख्याध्यापकांचे. त्यांची रक्त पातळ करण्याच्या गोळीची मात्रा वर्षभर नीट जुळलेली असे आणि श्रावणात बिघडे. गोळ्या बदलल्या, केंद्र बदलले, शेवटी डॉक्टर बदलले. त्यांच्या घरी श्रावणात रोज माठ, पालक, चवळई होत असे. त्या गोळीचे काम पालेभाजी हाणून पाडते. भाजी रोज तेवढीच खा किंवा रोज तेवढीच टाळा, एवढे सांगितल्यावर प्रश्न मिटला. गुरुजींना मात्र ते पटले नाही. “भाजी कधी कुणाला बाधली आहे?” असे विचारून ते गेले.

निवृत्तीच्या आधी काही वर्षे विभागात नवे यंत्र आले. नळी ठेवली की गोठण्याचा वेळ सेकंदांत छापून देते. माझा त्याला विरोध नव्हता. मात्र एक जुनी पद्धत मी बंद होऊ दिली नाही. यंत्राने ‘गुठळी आढळली नाही’ असे सांगितले, तर तो नमुना हाताने पुन्हा तपासायचा. शरीराइतक्या उबदार पाण्यात नळी धरायची, त्यात गोठवणारे द्रव्य घालायचे, आणि ती हळूहळू तिरकी करीत डोळ्यांनी पाहत राहायचे. तरुण तंत्रज्ञांना हा कालापव्यय वाटे. माझ्यासमोर कुणी तसे म्हणत नसे.

ज्या नमुन्याविषयी लिहायचे आहे, तो याच पद्धतीमुळे माझ्या हातात आला.

करावे गावातला निलेश तांडेल नावाचा तरुण छातीत दुखते म्हणून सकाळी रुग्णालयात आला. वय तेहतीस. घर मासेमारीचे, पण हा सीवूड्सच्या सोसायट्यांमध्ये लिफ्ट दुरुस्तीचे काम करी. हृदयविकाराचा झटका होता. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. देशमुखांनी त्याला तातडीने आत घेतले. धमन्या स्वच्छ होत्या. चरबी नाही, काठिण्य नाही. फक्त एका धमनीत गुठळी बसलेली. ती त्यांनी काढली आणि रक्तप्रवाह सुरू केला.

आल्या आल्या, कोणतेही औषध देण्याआधी घेतलेला त्याचा नमुना तोपर्यंत माझ्या विभागात पोहोचला होता. यंत्राने छापले: गुठळी आढळली नाही.

देशमुख स्वतः खाली आले. हे सहसा होत नसे.

“सर, तुमचा रिपोर्ट म्हणतो याचं रक्त गोठतच नाही. मी आत्ता त्याच्या धमनीतून गुठळी ओढून काढलीय. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय.”

“तुमची गुठळी कुठे आहे?”

“फोटो आहे.”

“फोटो मला तपासता येत नाही.”

“सर, चेष्टा नको. पुढचं औषध ठरवायचंय. रक्त पातळ करणारं औषध चालू ठेवलं आणि तुमचा रिपोर्ट खरा निघाला, तर ब्लीडिंग होऊन जाईल हा. बंद केलं आणि माझी गुठळी खरी असेल, तर दुसरी गुठळी येईल. काय करू?”

“मला थोडा वेळ द्या.”

“वेळच नाहीये, सर.”

“तरीही द्या.”

ते गेल्यावर दार पुन्हा वाजले. साठी कधीच ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. काष्ट्याचे लुगडे, नाकात चमकी, हातात रिकामी पिशवी. त्या निलेशच्या आई काशीबाई. कोणी त्यांना सांगितले होते की निकाल या खोलीत अडला आहे.

“रगत बगनारे तुमीच काय?”

“हो.”

“मंग बगा नीट. तांडेलांच्या गड्यांना छाती सोसत नाय. मालक होडीन बसल्या बसल्या गेला. थोरला पोरगा, हेमा, किरकेट खेलता खेलता गेला, चौतीस वर्साचा. आता हा येकच रायलाय.” त्यांनी पिशवीची घडी केली. “मना दुसरा नाय.”

एवढे बोलून त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. रडल्या नाहीत. मी दार लावून घेतले.

असा निकाल आला की पहिला संशय भेसळीचा. रुग्णालयात हेपॅरिन नावाचे औषध सर्रास वापरतात. त्याचा अंश नमुन्यात गेला तरी रक्त गोठत नाही. नमुना घेणारा सावंत शपथेवर सांगत होता की रक्त औषधाआधीचे आहे. माझा शपथांवर विश्वास नाही. त्यासाठी आमच्याकडे एक तपासणी असते. एका विषारी सापाच्या विषातले द्रव्य काढून बाटलीत मिळते. ते रक्त गोठवते आणि हेपॅरिनला जुमानत नाही. दूरच्या कुठल्या जंगलातल्या सापाने भक्ष्यासाठी घडवलेले हत्यार इथे बेलापूर पट्टीतल्या एका प्रयोगशाळेत माणसाच्या कामी येते, याचे मला दरवेळी नवल वाटत आले आहे.

सापाच्या द्रव्यानेही यंत्राला गुठळी दिसली नाही. सावंत खरे बोलत होता. दोष भेसळीचा नव्हता. दोष त्या तरुणाच्या फायब्रिनोजेनमध्येच होता.

मग मी नळी पाण्यात धरली. द्रव्य घातले. नेहमीच्या रक्तरसात, म्हणजे रक्तपेशी काढून उरलेल्या पातळ द्रवात, काही क्षणांत पांढुरके धुके उतरते, ते दाटते आणि नळी तिरकी केली की आतला ऐवज हलत नाही. इथे धुके आले नाही. वाट पाहिली. तरी आले नाही. रस पहिल्याइतकाच नितळ, किंचित पिवळसर, आरपार दिसणारा.

“पाणीच आहे, सर,” सावंत खांद्यामागून म्हणाला.

“उलटी करा.”

“सांडेल, सर.”

“उलटी करा.”

त्याने नळी उलटी केली. एक थेंबही पडला नाही.

ज्याला तो पाणी म्हणत होता ती गुठळी होती. संपूर्ण, पक्की आणि काचेसारखी पारदर्शक. तिच्यातून मला सावंतच्या बोटांवरच्या रेषा दिसत होत्या. एवढ्या वर्षांच्या कामात मी असे काही पाहिले नव्हते. 

यंत्र का चुकले ते मग उमगले. यंत्र उजेडाने पाहते. गुठळी झाली की रस गढूळ होतो, प्रकाश अडतो, यंत्र वेळ नोंदवते. गढूळपणा जाड धाग्यांमुळे येतो. या तरुणाचे फायब्रिनोजेन धागे विणत होते, पण अतिशय बारीक आणि अतिशय दाट. प्रकाश त्यांतून सरळ निघून जात होता. यंत्र धुके शोधीत होते. तिथे धुके नव्हते, जाळे होते.

पुढचा प्रश्न महत्त्वाचा होता. असे जाळे विरघळते का? दोन नळ्या घेतल्या. एकीत निरोगी माणसाच्या रक्तरसाची गुठळी, दुसरीत निलेशच्या. दोन्हींत गुठळी विरघळवणारे औषध सारखेच घातले आणि शेजारी शेजारी ठेवल्या. निरोगी गुठळी हळूहळू सैल झाली, तुटली, पाणी झाली. निलेशची तशीच बसून राहिली. धागे इतके दाट होते की विरघळवणाऱ्या द्रव्याला आत शिरायला जागाच नव्हती.

मी देशमुखांना फोन लावला.

“तुम्ही खरे बोलत आहात.”

“म्हणजे तुमचा रिपोर्ट खोटा?”

“मीही खरेच बोलत होतो. याचे रक्त यंत्राला गोठलेले दिसत नाही. पण ते गोठते, आणि एकदा गोठले की सुटत नाही. औषध चालू ठेवा.”



“सर, तुम्ही हे लेखी द्याल?”

“सही करूनच फोन केला आहे.”

औषध चालू राहिले. त्याच्या मात्रेचे नेहमीचे मोजमाप या रक्तावर विश्वासार्ह नव्हते, म्हणून आम्ही दुसऱ्या पद्धतीने मोजत राहिलो. निलेश उठून बसला. त्याला आणि काशीबाईंना मी हे समजावले तेव्हा उपमा शोधावी लागली नाही.

“रक्त आतून जाळे विणते,” मी सांगितले. “इतरांच्या जाळ्याची आस, धाग्यांमधली भोके, मोठी असते. तुमच्या मुलाच्या जाळ्याची आस फार बारीक आहे.”

“बारीक आसाचं जालं वाईट,” काशीबाई लगेच म्हणाल्या. “आमच्याकडं कोनी टाकलं तर शिव्या खातो. पिल्लापासनं चिखलापरेंत सगला अडकतो. खाडीच मरते.”

“तसेच आहे.”

निलेश हसला. “म्हणजे सर, मशीनलापण कळलं नाही असं माझं ब्लड. एकदम लिमिटेड एडिशन.”

“ते सदोष आहे.”

“तेच ते, सर.”

आई पाणी आणायला बाहेर गेल्यावर मात्र त्याचे हसू गेले. “सर, एक विचारू? हेमादादा चौतीसला गेला. मला तेहतीस चालू आहे. लग्नाचं बघतायत घरी. मी नाही म्हणून सांगितलंय. कशाला कुणाच्या पोरीला अडकवायचं? तुम्ही सांगा, मी किती दिवस धरू?”

त्याला उत्तर हवे होते.  औषध वेळेवर घे, एवढेच मी म्हणालो. ते उत्तर नव्हते, हे दोघांनाही कळत होते.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर जनुकीय तपासणीचे काम डॉ. समीना पाहत. उरणकडच्या, कामात काटेकोर, बोलण्यात भरभर. निलेशचा नमुना मी त्यांच्याकडे दिला होता. काही आठवड्यांनी त्या निकाल घेऊन धावतच खाली आल्या.

“सर, सापडलं! एकच अक्षर.”

माणसाच्या पेशीतला मजकूर तीनशे कोटी अक्षरांचा आहे. त्या मजकुराच्या एका ओळीत एक अक्षर बदललेले होते. त्यामुळे फायब्रिनोजेनच्या सुमारे तीन हजार दुव्यांच्या साखळीत एक दुवा बदलला होता. बाकी सगळे जसेच्या तसे. तेवढ्याने धागे बारीक झाले, जाळे दाट झाले, आणि एक माणूस सकाळी लिफ्टचा दरवाजा उघडता उघडता छाती धरून खाली बसला. मी तो कागद बराच वेळ पाहत बसलो होतो. समीना गेल्या, सावंत जेवून आला, तरी मी तिथेच होतो.

असा बदल आईकडून किंवा वडिलांकडून येतो. ज्याच्यात आहे त्याच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी. म्हणून मी काशीबाईंना सांगितले, “हे ज्यांच्याकडून आले असेल आणि ज्यांच्यात असू शकेल, त्या सर्वांना तपासायचे आहे. घेऊन या.”

त्यांनी आणले. एका सकाळी टेम्पो भरून करावे गावची तांडेल भावकी आमच्या दारात उतरली. काका, चुलतकाका, त्यांची मुले, नातू. पुढे काशीबाईंचे दीर दामू तांडेल, पांढरी टोपी घालून. कोणीही उपाशी राहायला सांगितले नव्हते, पण सगळे उपाशी आले होते आणि त्यामुळे चिडले होते. आधी सुई कुणाला टोचायची यावरून वाद झाला. मानाप्रमाणे जायचे ठरले.

“मोठा मी,” दामू तांडेल म्हणाले आणि बाही वर केली.

“मोठे हायत, पन सुईला घाबरतात,” मागून कोणी बोलले.

“कोन रं तो? पुढं ये, दाखवतो तुला.”

सुई टोचताच दामूंनी डोळे मिटून घेतले. रांगेत हशा पिकला. काशीबाई बाकावर बसून होत्या. शेजारी डबा. त्यात तळलेले बोंबील आणि भाकऱ्या, रक्त देऊन झालेल्यांसाठी. ज्याचे झाले त्याच्या हातावर त्या भाकरी ठेवीत आणि एखादा टोमणाही. दामूंना भाकरी देताना म्हणाल्या, “घ्या भावजी. तुमच्या घरान्याचा सराप हाय, तुमीच फेडा.” त्यांनी भाकरी मोडून तोंडात घातली. हा टोमणा त्यांनी बरीच वर्षे ऐकलेला असावा.

सगळे नमुने निर्दोष निघाले. प्रत्येक नळीत पांढुरके, जाड, उत्तम धुके उतरले.

“सर, आता?” समीना म्हणाल्या. “मग आलं कुठून? याच्यातच नव्याने झालं असेल का?”

“शक्य आहे. पण मग भाऊ कसा गेला?”

“वडिलांमध्ये असेल. भावांमध्ये नाही म्हणून त्यांच्यात नव्हतं असं होत नाही ना.”

“बरोबर. पण वडील नाहीत. तपासायचे कोण राहिले?”

दोघांच्याही लक्षात एकदमच आले. अख्खी भावकी बोलावून आणणाऱ्या, तिला भाकरी वाढणाऱ्या बाईची नळीच आमच्याकडे नव्हती.

पुढच्या भेटीला त्या निलेशबरोबर आल्या तेव्हा मी विचारले, “तुम्ही रक्त का दिले नाही?”

त्या हसल्या. “माजं कशाला? मी तांडेलांची नाय. मी तलवलीची, मढव्यांची पोर. लगीन करून आयले.”

“पण तुम्ही आई आहात.”

“आईचं काय, डाक्टर? आई पोटान ठेवते, दूध पाजते. रगत बापाचंच असतं की. म्हनून तर पोराला बापाचं नाव लागतं.”

त्या थट्टा करीत नव्हत्या. त्यांच्या मते हे इतके उघड होते की त्याची चर्चा करण्यासारखे काही नव्हते. टेम्पोतल्या कोणालाही ते खटकले नव्हते.

“निम्मे आईचे असते,” मी म्हणालो. “हात पुढे करा.”

त्यांची नळी मी स्वतः पाण्यात धरली. धुके आले नाही. रस नितळ राहिला. मी नळी उलटी केली.

थेंब पडला नाही.

समीनांच्या निकालाने तेच सांगितले. तीनशे कोटी अक्षरांत तेच एक अक्षर. तांडेलांच्या घराण्यात काही नव्हते. होते ते तळवलीहून, लग्न करून आलेल्या मुलीबरोबर आले होते. नवरा कशाने गेला हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याचा याच्याशी संबंध नसावा.

पण मग दुसराच प्रश्न उभा राहिला. तेच जाळे घेऊन ही बाई सत्तरीला टेकली होती. समीनांनी न सांगता आणखी एक तपासणी केली होती.

“सर, तेराव्या घटकाचा एक वेगळा प्रकार असतो. काही लोकांत असतो. ज्यांच्यात असतो त्यांना हार्ट अटॅक जरा कमी येतात, असं काही अभ्यासांत दिसलंय. काशीबाईंमध्ये तो आहे. निलेशमध्ये नाही. म्हणजे एका प्रथिनाने बिघडवलं आणि दुसऱ्याने सांभाळलं!”

“एका घरातल्या दोन माणसांवरून हे सिद्ध होत नाही.”

“पण सर, किती सुंदर आहे!”

“सुंदर आहे,” मी म्हणालो. “निकालात लिहू नका.”

त्या जरा घुटमळल्या. “सर, त्यांना सांगायलाच हवं का? मोठा मुलगा गेलाय. आपल्यामुळे गेला असं वाटेल त्यांना. या वयात कशाला?”

“रक्त त्यांचे आहे. उद्या त्यांची एखादी शस्त्रक्रिया झाली तर डॉक्टरांना हे ठाऊक हवे. आणि तळवलीला त्यांचे भाऊ-बहीण असतील.”

“मग कोण सांगणार?”

“सही माझी आहे.”

मी उभ्या नोकरीत रुग्णाच्या घरी गेलो नव्हतो. त्या दुपारी समीनांना घेऊन करावे गावात गेलो. गल्लीच्या तोंडाशी जाळी वाळत होती. मागे सीवूड्सचे मनोरे. काशीबाई ओटीवर सुपात जवळा निवडीत होत्या.

“या. च्या ठेवू?”

“आधी ऐका.” मला आडून बोलता येत नाही. “निलेशमध्ये जे आहे, ते तांडेलांकडून आलेले नाही. ते तुमच्याकडून आले आहे.”

त्यांची बोटे चालत राहिली. कचरा एका बाजूला, जवळा एका बाजूला.

“मालकाकडनं नाय?”

“नाही.”

“हेमाला पन माज्याकडनंच?”

“बहुतेक. त्याचे रक्त कुणी तपासले नव्हते. पण बहुतेक.”

ते रक्त कधीही माझ्या टेबलावर आले नाही, ही खंत मला आजही आहे. खरोखरच त्याच्या नळीतही धुके उतरले नसते का, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

बोटे थांबली. समीना त्यांच्या शेजारी ओटीवर जाऊन बसल्या. मी उभाच होतो.

“इतकी वर्सं भावजींना बोल्ले,” काशीबाई म्हणाल्या. “तुमच्या घरान्यानं माजी मानसं खाल्ली म्हनून. भर पंगतीन बोल्ले. कदी उलटून बोल्ला नाय तो.”



मग त्यांनी एकदम मान वर केली. “मंग मी कशी रायले?”

समीनांनी माझ्याकडे पाहिले.

“तुमच्यात आणखी एक वेगळेपण आहे,” मी म्हणालो. “कदाचित त्याने सांभाळले असेल. कदाचित नसेलही.”

“म्हंजे नक्की नाय.”

“नक्की मला माहीत नाही.”

“दोन बालंतपनं झाली माजी, घरान. येकदा होडी पालथी झाली, पाय मोडला, पावसाला सरेपरेंत पडून होते. तवा गोठायला पायजे होतं ना माजं रगत?”

“होय. तेव्हा धोका मोठा होता.”

“नाय गोठलं.”

“नाही.”

त्यांनी सूप बाजूला ठेवले आणि हात पदराला पुसले. “म्हंजे डाक्टर, हे आंगान घेऊन सत्तरीपरेंत जगता येतं.”

मी आयुष्यभर आकड्यांत बोललो. शक्यता, मर्यादा, अपवाद. त्या वाक्याला एकही आकडा लागू पडत नव्हता, आणि ते खोटेही नव्हते.

“येते,” मी म्हणालो.

“मंग निलेशला तेवडं सांगा. माजं आयकनार नाय तो. बाकी रडायचं ते मी माजं बगीन.”

निलेश संध्याकाळी कामावरून येईपर्यंत आम्ही थांबलो. चहा झाला. तो आला, ओटीवर मला पाहून त्याचा चेहरा उतरला. मी त्याला बसवले आणि म्हणालो, “निलेश, तुझ्यात जे आहे तेच तुझ्या आईत आहे. तेच अक्षर, तेच जाळे. तिला औषधही नव्हते. तुला औषध आहे.”

तो आईकडे पाहत राहिला. पहिल्यांदा पाहावे तसा. मग म्हणाला, “म्हणजे लिमिटेड एडिशन नाही मी. डुप्लिकेट आहे.”

“गप रं,” काशीबाई म्हणाल्या. आणि मग रडल्या.

थोरल्या हेमाचे वय निलेशने आता ओलांडले आहे. लग्नाला तो होकार देऊन बसला आहे. मुलीला आणि तिच्या घरच्यांना सगळे आधी सांगायचे, ही अट त्याचीच. देशमुखांनी काशीबाईंना सध्या रोजचे औषध दिलेले नाही, पण कोणते प्रसंग धोक्याचे ते घरात सर्वांना पाठ आहे. तळवलीचे मढवीही रक्त देऊन गेले. या वेळी बायका पुढे होत्या. दामू तांडेलांकडे काशीबाई स्वतः मोठी पापलेटे घेऊन गेल्या. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही.

मी निवृत्त आहे. तरी ती दोघे तपासणीला येतात त्या दिवशी समीना मला निरोप देतात आणि मी जातो. यंत्र अजूनही दोघांना ‘गुठळी आढळली नाही’ असेच सांगते. मागच्या वेळी सावंत निलेशची नळी पाण्यात धरू लागला, तर काशीबाईंनी त्याला दारातून थांबवले.

“आदी माजी धर. असली माल माजा हाय.”

सावंतने द्रव्य घालून दोन्ही नळ्या माझ्या हातात दिल्या. त्या मी खिडकीच्या उजेडाला लावून पाहिल्या. दोन्हींच्या आरपार खाडी दिसत होती. आत काहीच नसल्यासारखे दिसत होते.

मी दोन्ही उलट्या केल्या. थेंब पडला नाही.